हिमभूमीचे पाहुणे

वैशाख महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्याही पुढे चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात, झाडाचे पानही हलेनासे होते आणि खिडकीला वाळ्याची ताटी किंवा कूलर लावून माणसे कशीबशी उन्हाचा ताप सोसतात. अशा या नगरीत १९४३ साली जन्मलेली एक मराठी कन्या चाळीस वर्षांनंतर पृथ्वीवरील सर्वांत थंड खंडावर जाऊन पोहोचली. तिचे नाव डॉ. अदिती पंत. ज्या वर्षी त्या तिकडे निघाल्या त्याच वर्षी, म्हणजे २१ जुलै १९८३ रोजी, त्या खंडावरील व्होस्टोक नावाच्या संशोधन केंद्रात तापमापकाचा पारा शून्याखाली ८९.२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. पृथ्वीच्या पाठीवर याहून अधिक थंडी कोणत्याही वेधशाळेत नोंदली गेलेली नाही.

तो खंड म्हणजे अंटार्क्टिका. तेथे शेत नाही, गाव नाही, बाजार नाही. तेथे जन्मून, वाढून, तेथेच पिढ्यान् पिढ्या नांदणारा असा एकही मनुष्यसमाज नाही. तेथे जाणारा प्रत्येक माणूस, मग तो शास्त्रज्ञ असो, खलाशी असो किंवा हौशी प्रवासी असो, चार दिवसांचा पाहुणाच असतो. मग अशा ठिकाणी माणसे का जातात? कशी जातात? आणि तेथे गेल्यावर पाहुण्याने कसे वागावे?

प्रथम आपल्या पृथ्वीच्या दोन टोकांची ओळख करून घेऊ. उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव ही दोन्ही स्थाने हिमाच्छादित आहेत, म्हणून ती एकसारखीच असतील असे आपणांस वाटते. परंतु त्यांच्यात मोठा भेद आहे. उत्तर ध्रुवाच्या ठिकाणी जमीन नाही. तेथे समुद्र आहे, त्या समुद्रावर बर्फाचा थर तरंगत असतो आणि त्या समुद्राच्या सभोवार निरनिराळ्या देशांचे किनारे व बेटे आहेत. दक्षिण ध्रुवाची स्थिती याच्या अगदी उलट. तेथे मध्ये जमीन आहे आणि तिच्या सभोवार समुद्र आहे. पांढरी अस्वले फक्त उत्तरेकडे राहतात. अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिणेकडचे. चित्रांत ही दोघे शेजारी उभी काढतात खरी, पण निसर्गात त्यांची भेट कधीही होत नाही.

अंटार्क्टिकाचा विस्तार सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. त्या भूमीवर पसरलेल्या बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर भरते. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. ते उचलून अंटार्क्टिकाच्या बर्फात ठेवले, तर त्याच्या माथ्यावरचे देऊळसुद्धा दिसणार नाही! जगातील एकंदर बर्फापैकी सुमारे नव्वद टक्के बर्फ या एका खंडावर साठलेला आहे. आणि गंमत अशी की, इतके पाणी गोठून पडलेले असूनही हा खंड एक वाळवंट आहे. नागपुरास वर्षाकाठी सुमारे शंभर सेंटीमीटर पाऊस पडतो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षभरात पडणाऱ्या हिमाचे पाणी केले, तर ते पाच सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. जो थोडा हिम पडतो तो वितळत नाही, म्हणून लक्षावधी वर्षांत त्याचे डोंगर झाले आहेत.

ध्रुवप्रदेशातील दिवस व रात्र हाही एक चमत्कारच होय. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे ध्रुवावर सूर्य एकदा उगवला की सहा महिने मावळत नाही आणि एकदा मावळला की सहा महिने उगवत नाही. उत्तर ध्रुवावरील या दीर्घ दिवसाचा आणि दीर्घ रात्रीचा विचार आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी फार पूर्वी केला होता. वेदांतील काही वर्णनांवरून आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, असे मत त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडले. ते मत आजचे विद्वान स्वीकारत नाहीत. तथापि ज्या काळी आपल्या देशातून ध्रुवप्रदेशात कोणी जाण्याची कल्पनाही करीत नसे, त्या काळी एका मराठी विद्वानाचे चित्त तेथवर जाऊन पोहोचले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दक्षिण ध्रुवावर मनुष्याचे पाऊल प्रथम पडले ते १४ डिसेंबर १९११ रोजी. नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसेन व त्यांचे चार सोबती कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन तेथे पोहोचले. त्यांच्यामागून पाचच आठवड्यांनी, १७ जानेवारी १९१२ रोजी, इंग्लंडचे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट चार सोबत्यांसह तेथे गेले. परंतु परतीच्या वाटेवर थंडी, भूक आणि श्रम यांनी त्या पाचही जणांचा अंत झाला. पुढे अनेक राष्ट्रे या खंडाच्या निरनिराळ्या भागांवर आपला हक्क सांगू लागली. तेव्हा भांडण विकोपास जाऊ नये, म्हणून १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी एक करार केला. अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेच्या कार्यासाठी करावा, तेथे लष्करी तळ उभारू नयेत, अणुस्फोट करू नयेत आणि तेथे मिळालेले ज्ञान सर्वांनी एकमेकांस द्यावे, असे त्या कराराने ठरले. भारत १९८३ साली या करारात सामील झाला. एक अख्खा खंड युद्धापासून आणि हाणामारीपासून दूर ठेवण्याचा हा प्रयत्न मानवजातीला भूषणावह आहे.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. तिचे नेते होते सागरविज्ञानाचे जाणकार डॉ. सय्यद झहूर कासिम. नॉर्वेकडून भाड्याने घेतलेल्या ‘पोलर सर्कल’ नावाच्या जहाजातून एकवीस जणांची ही तुकडी विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे गेली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली.

हा जलप्रवास सोपा नाही. चाळीस अक्षांशाच्या दक्षिणेस गेले की समुद्राचे रूप पालटते. तेथे वाऱ्याला अडविणारी जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत अखंड वाहतो व डोंगराएवढ्या लाटा उठवितो. जुन्या दर्यावर्दी लोकांनी या पट्ट्याला ‘गर्जणारे चाळीस’ असे नाव दिले होते. जहाज असे हेलकावे खाते की, ताटातील अन्न ताटात राहत नाही आणि माणूस पलंगावर राहत नाही. पुढे हिमनग दिसू लागतात. हिमनगाचा जेवढा भाग डोळ्यांस दिसतो, त्याच्या कितीतरी पट भाग पाण्याखाली दडलेला असतो. म्हणून कप्तान त्याच्यापासून दूर राहतो. अखेर समुद्रच गोठलेला लागतो. तेव्हा बर्फ फोडणारे जहाज कामी येते. असे जहाज करवतीने लाकूड कापावे तसे बर्फ कापीत असेल, असे आपल्याला वाटेल. पण तसे नाही. त्याचा नाळेकडील भाग उतरता व अतिशय मजबूत असतो. जहाज जोराने पुढे येऊन बर्फाच्या थरावर चढते आणि आपल्या वजनाने तो थर खाली दाबून मोडते. मग थोडे मागे सरकते, पुन्हा पुढे येते. अशा रीतीने एकेक पाऊल वाट काढावी लागते.

डॉ. अदिती पंत गेल्या त्या तिसऱ्या मोहिमेतून. पुण्याला पदवी घेत असताना सर ॲलिस्टर हार्डी यांचे सागरातील जीवसृष्टीविषयीचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि सागराचा अभ्यास करायचा, हे त्यांनी ठरवून टाकले. नागपूर समुद्रापासून किती दूर! परंतु जिज्ञासेला अंतराची अडचण वाटत नाही. हवाई बेटांतील विद्यापीठात व पुढे लंडन येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि परदेशात न राहता १९७३ साली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या दाखल झाल्या. दहा वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली एक्क्याऐंशी जणांची तुकडी ‘फिनपोलारिस’ या जहाजातून गोव्याहून निघाली. तीत डॉ. पंत आणि कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारताच्या वैज्ञानिक मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. स्त्रियांना ही थंडी व हे श्रम झेपतील काय, अशी शंका घेणाऱ्यांना त्यांनी आपल्या कामानेच उत्तर दिले. डॉ. सेनगुप्ता यांनी तेथील खडकांचा अभ्यास केला, तर डॉ. पंत यांनी सागराचा.

बर्फासारख्या थंड पाण्यात अभ्यास करण्याजोगे असते तरी काय? उत्तर असे की, त्या पाण्यातच अंटार्क्टिकाचे सारे जीवन सामावलेले आहे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्या अखंड प्रकाशात समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांच्यावर क्रिल नावाचे, कोळंबीसारखे दिसणारे, बोटाएवढे जीव जगतात. क्रिलांचे थवे इतके दाट असतात की, त्यांच्यामुळे समुद्राला लालसर रंग चढतो. पेंग्विन क्रिल खातात, मासे खातात, कित्येक सील खातात. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी जो निळा देवमासा, तोही या इवल्याशा जिवांवरच पोट भरतो. म्हणजे सर्वांत मोठ्या प्राण्याचे जीवन शेवटी सर्वांत लहान वनस्पतीच्या आधारावर उभे आहे! यालाच अन्नसाखळी असे म्हणतात. पाण्यात प्रकाश किती खोल जातो, पाण्यात कोणते क्षार आहेत, सूक्ष्म वनस्पती किती वेगाने वाढतात, हे मोजणे म्हणजे या साखळीच्या पहिल्या कडीची तपासणी होय. ही कडी तुटली, तर पुढच्या साऱ्या कड्या निखळून पडतील.

याच मोहिमेत भारतीयांनी सुमारे दोन महिन्यांत तेथे आपले पहिले कायमचे केंद्र उभारले. त्याचे नाव ‘दक्षिण गंगोत्री’. जहाज परतले तेव्हा बारा भारतीय पहिल्यांदाच तेथील दीर्घ, अंधाऱ्या हिवाळ्यात राहण्यासाठी मागे थांबले. परंतु हे केंद्र समुद्रालगतच्या बर्फाच्या थरावर बांधलेले होते. दरवर्षी त्याच्याभोवती हिम साचत गेला आणि काही वर्षांत ते बर्फाखाली गाडले जाऊ लागले. शेवटी ते सोडावे लागले. या अनुभवातून धडा घेऊन १९८९ साली ‘मैत्री’ हे दुसरे केंद्र शिर्माकर टेकड्यांतील उघड्या खडकावर, एका गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी उभारण्यात आले. त्या तळ्याला ‘प्रियदर्शिनी’ असे नाव आहे. २०१२ साली तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेस ‘भारती’ हे तिसरे केंद्र उभे राहिले. जहाजातून माल नेण्याच्या मोठमोठ्या लोखंडी पेट्या जोडून ते बांधले आहे आणि ते खांबांवर उचललेले असल्यामुळे वारा व हिम खालून निघून जातात. घर कोणाचेही असो, पाहुण्याने त्या घराची रीत आधी समजून घ्यावी लागते, ती अशी.

तेथील दिनचर्याही पाहण्यासारखी असते. एकावर एक कपड्यांचे थर, हातमोजे, काळा चष्मा यांवाचून बाहेर पडता येत नाही, कारण बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश डोळ्यांना इजा करतो. हिमवादळ सुटले म्हणजे हातभर अंतरावरचे दिसत नाही; अशा वेळी दोराचा आधार घेऊनच हालचाल करावी लागते. सपाट दिसणाऱ्या बर्फात खोल भेगा लपलेल्या असतात. म्हणून कोणीही एकटा, कोणास न सांगता, केंद्राबाहेर जात नाही. केंद्रातील कचराही तेथे फेकता येत नाही. तो गोळा करून, बांधून, जहाजाने परत आणावा लागतो. १९९१ साली झालेल्या एका पूरक कराराने अंटार्क्टिकाच्या निसर्गाच्या रक्षणाचे नियम अधिक कडक झाले आणि तेथे खनिजांसाठी खाणकाम करण्यास बंदी घातली गेली. भारतातून आजवर चाळीसहून अधिक मोहिमा अंटार्क्टिकाला गेल्या आहेत. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्यांची व्यवस्था पाहते.

भारतीयांचे पाऊल उत्तरेकडील बेटांवरही पडले आहे. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील नी-ओलेसुंद या चिमुकल्या वस्तीत पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. १९६२ साली तेथील खाणीत भीषण स्फोट होऊन एकवीस कामगार दगावले, तेव्हा खाणकाम कायमचे बंद झाले आणि खाणीचे गाव शास्त्रज्ञांचे गाव बनले. निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांबरोबर तेथे भारताचेही एक केंद्र आहे. १ जुलै २००८ रोजी सुरू झालेल्या या केंद्राचे नाव ‘हिमाद्री’. उत्तर ध्रुव तेथून सुमारे बाराशे किलोमीटर अंतरावर आहे. त्या गावाचे नियम ऐकून आपल्याला नवल वाटेल. तेथील यंत्रे दूर अंतराळातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी टिपतात. त्या लहरींत व्यत्यय येऊ नये, म्हणून परिसरात बिनतारी संदेशांवर कडक बंधने आहेत. प्रवाशांना आपले भ्रमणध्वनीसुद्धा मुके करून ठेवावे लागतात. वस्तीबाहेर जायचे तर पांढऱ्या अस्वलापासून सावध राहावे लागते. उत्तरेकडील समुद्राचा बर्फ वर्षानुवर्षे कमी होत आहे. त्याचा आपल्या मोसमी पावसाशी कोणता संबंध असावा, याचा शोध घेणे हेही भारतीय शास्त्रज्ञांच्या तेथे जाण्याचे एक कारण आहे. वऱ्हाडातील कपाशी आणि भंडाऱ्याचा धान ज्या पावसाची वाट पाहतात, त्याचे एखादे सूत्र कदाचित त्या दूरच्या बेटावर हाती लागेल.

आता शास्त्रज्ञांखेरीज सामान्य प्रवासीही ध्रुवप्रदेशात जाऊ लागले आहेत. स्वीडनमध्ये जन्मलेले लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ साली प्रवाशांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली. सफरीबरोबर प्रवाशांना निसर्गाचे ज्ञान द्यावे, तज्ज्ञांची व्याख्याने ठेवावी, ही त्यांची कल्पना होती. पुढे १९६९ साली त्यांनी खास अशा सफरींसाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ नावाचे लहानसे तांबडे जहाज बांधून घेतले. मुंबईच्या जगप्रवासी मेहेर मूस या त्याच जहाजाने १९७० नंतरच्या दशकात अंटार्क्टिकाला जाऊन आल्या होत्या. आता अशी कित्येक जहाजे दर उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून निघतात. दोन दिवस खवळलेल्या सामुद्रधुनीतून प्रवास केल्यावर ती अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाशी पोहोचतात. २०२२-२३ च्या एका हंगामात एक लाखाहून अधिक प्रवासी तेथे गेले.

या प्रवाशांवर अनेक बंधने असतात. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्यांचे बूट धुऊन निर्जंतुक करतात, कपड्यांच्या शिवणीत अडकलेले गवताचे बीसुद्धा वेचून काढतात, कारण एखादे परके बी किंवा रोगजंतू तेथे रुजला, तर तेथील जीवसृष्टीवर अनर्थ ओढवेल. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवाशांनी उतरू नये, ज्या जहाजात पाचशेहून अधिक प्रवासी असतील त्यांतील कोणीही किनाऱ्यावर उतरू नये, पेंग्विनपासून निदान पाच मीटर दूर राहावे, असे नियम आहेत. पेंग्विन स्वतः जवळ आला, तर माणसाने स्तब्ध उभे राहावे. वाटेवर पहिला हक्क पेंग्विनचा! दगड, पीस, हाड यांपैकी काहीही आठवण म्हणून उचलून आणता येत नाही. स्वालबार्डमध्येही २०२५ सालापासून पांढऱ्या अस्वलापासून निदान तीनशे मीटर, आणि मार्च ते जून या महिन्यांत पाचशे मीटर, दूर राहण्याचा कायदा झाला आहे.

इतकी काळजी घेऊनही संकट टळतेच असे नाही. जानेवारी १९८९ मध्ये अर्जेंटिनाचे ‘बाहिया पाराइसो’ हे जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यावर प्रवासीही होते. माणसे सर्व वाचली; परंतु सुमारे सहा लाख लिटर तेल समुद्रात सांडले आणि कित्येक पक्षी व जलचर प्राणास मुकले. थंड पाण्यात सांडलेले तेल लवकर नाहीसे होत नाही. आणि ज्या तांबड्या जहाजाने या सफरींचा पायंडा पाडला, त्याचा शेवटही तेथेच झाला. २३ नोव्हेंबर २००७ रोजी बर्फावर आदळून त्याच्या तळाला छिद्र पडले. प्रवासी व खलाशी मिळून १५४ जण लहान नावांतून कित्येक तास थंडीत कुडकुडत तरंगत राहिले. सुदैवाने जवळच्या एका जहाजाने येऊन त्या सर्वांना वाचविले. पण ते तांबडे जहाज मात्र समुद्राच्या तळाशी गेले. अशा प्रसंगांपासून जगाने धडा घेतला. २०११ सालापासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड, चिकट इंधनतेल वापरण्यास व वाहून नेण्यास बंदी घालण्यात आली.

मग प्रवाशांनी तेथे जावे की जाऊ नये? याविषयी विचारवंतांत दोन मते आहेत. काहींच्या मते जो माणूस हिमनगाचे निळे तेज आणि पेंग्विनांची वसाहत आपल्या डोळ्यांनी पाहतो, तो जन्मभर त्या भूमीचा मित्र होतो आणि इतरांनाही तिचे महत्त्व पटवून देतो. दुसरे म्हणतात, प्रत्येक जहाज धूर सोडते, प्रत्येक पाऊल शेवाळ तुडविते. एक लाख मित्रांच्या दोन लाख पावलांखाली ती नाजूक भूमी टिकेल कशी? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शास्त्रज्ञांच्या जाण्यानेही धूर होतो आणि कचरा होतो, हे विसरता येत नाही. फरक इतकाच की, ज्याच्या जाण्याने सर्वांच्या उपयोगाचे ज्ञान हाती येते, त्याच्या जाण्याला कारण अधिक बळकट असते. आणि जो केवळ पाहण्यासाठी जातो, त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

ध्रुवांवरील बर्फ ही काही दूरच्या देशाची मालमत्ता नव्हे. अंटार्क्टिकाचा सारा बर्फ वितळला, तर जगातील समुद्रांची पातळी सुमारे ५८ मीटरने चढेल, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. तो दिवस नजीक नाही. तथापि त्याचा काही अंश वितळला, तरी मुंबईचे सखल भाग आणि कोकणातील खाडीकाठची भातखाचरे यांना त्याचा उपद्रव होईल. म्हणून जे तेथे कधीही जाणार नाहीत, त्यांचेही हित त्या बर्फाशी बांधलेले आहे.

आपल्या संस्कृतीत अतिथीला देव मानले आहे. परंतु अतिथीचाही काही धर्म असतो. त्याने यजमानाची झोप मोडू नये, घरातील वस्तू उचलू नये, आणि निघताना आपण बसलो होतो ती जागा झाडून स्वच्छ करून ठेवावी. अंटार्क्टिकाचे यजमान बोलू शकत नाहीत. ते तक्रारही करू शकत नाहीत. त्यांच्या वतीने पाहुण्यालाच स्वतःचा पहारेकरी व्हावे लागते. त्या शुभ्र भूमीवरून ज्ञान आणावे, आणि मागे पावलांच्या खुणांवाचून काही ठेवू नये. त्या खुणा पुढच्या वादळात हिमाने बुजून जातील.

स्वाध्याय

१. उत्तर ध्रुवप्रदेश आणि दक्षिण ध्रुवप्रदेश यांच्यातील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
२. इतका बर्फ असूनही अंटार्क्टिकाला वाळवंट का म्हणतात?
३. ‘सर्वांत मोठ्या प्राण्याचे जीवन सर्वांत लहान वनस्पतीच्या आधारावर उभे आहे’, हे विधान स्पष्ट करा.
४. ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र का सोडावे लागले? त्यापासून कोणता धडा घेण्यात आला?
५. प्रवाशांनी ध्रुवप्रदेशात जावे की जाऊ नये? तुमचे मत कारणांसह मांडा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ओस पडणे, विकोपास जाणे, पायंडा पाडणे, प्राणास मुकणे.
७. तुमच्या गावाजवळचे एखादे रान, तळे किंवा किल्ला पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाच नियम तयार करा.